रस्सीखेच आणि अक्काचं जेवण

राजाजीनगरात असताना आमची अक्का रस्सीखेचीत कशी जिंकली, ते ऐकाच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वजन झटपट उतरावं म्हणून ती नुसत्या काकडी-ताकावर राहू लागली. सरावात दोर ओढताना तिला भोवळ आली आणि ती मातीतच बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उपाशी राहू नका. भात स्वल्प कमी करा, भाकरी, डाळ, भाजी नीट खा, रोज चाला. वजन हळूहळू उतरू दे."

अक्काने ऐकलं. सामन्यापर्यंत तिचे ब्लाउज सैल झाले होते. दोराच्या टोकाला तीच उभी राहिली. तिने पाय रोवले आणि समोरच्या सगळ्याजणी आमच्याकडे ओढल्या गेल्या.

हरलेल्या बायकांनी विचारलं, "अक्का, बारीक होऊन एवढा जोर कुठून आणलात?"

धापा टाकत अक्का म्हणाली, "जेवते."