जागेवरून उठायचं नाही

(दुपार. ताईची शिलाईची खोली, मशीन चालू आहे. धाकटी बहीण पाठ सरळ करायला फरशीवर आडवी झाली आहे.)

ताई : म्हणजे कानाला हेडफोन, समोर फोन चालू, आणि तू उठून पळालीस?

धाकटी : पळाले नाही. निघाले.

ताई : वायर ओढली गेली आणि कॉम्प्युटर खाली आला म्हणे.

धाकटी : कॉम्प्युटर नाही, पाण्याचा ग्लास आला. कुणी सांगितलं तुला?

ताई : तुमच्या अॅम्ब्युलन्स कंट्रोल रूमच्या साहेबांनी. तुझा फोन परवापासून बंद, म्हणून माझा नंबर लावला बिचाऱ्यांनी. आणि मला तू काय सांगितलं होतंस? "जमलं नाही." मला वाटलं, कॉम्प्युटर जमला नसेल.

धाकटी : कॉम्प्युटर जमतो मला.

ताई : मग काय जमलं नाही?

धाकटी : बसणं.

ताई : ऐका! लोक बसायची नोकरी मिळावी म्हणून जिवाचं रान करतात, आणि हिला बसणं जमत नाही. अगं, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तरी आठवतंय का?

धाकटी : आठवतंय. पुन्हा स्ट्रेचर उचललं तर पाठीचा मणका साथ देणार नाही, पायातली ताकद जाईल. पाठ आहे मला. सॉरी, पाठ म्हणजे... जाऊ दे. चांगलं लक्षात आहे.

ताई : मग अॅम्ब्युलन्सवर परत जाता येणार नाही, हे तर नक्की ना?

धाकटी : नक्की. किती वेळा वदवून घेणार आहेस?

ताई : तुझ्या डोक्यात शिरेपर्यंत. माझ्या गिऱ्हाइकांची मापं घेता घेता मी तुझ्यासाठी शब्द टाकते. कंबर अमुक, उंची तमुक, आणि हो, माझी बहीण अॅम्ब्युलन्समध्ये मागे बसून पेशंट सांभाळायची, तुमच्याकडे काही काम आहे का. लाज सोडून विचारते. कारखान्यात लावून दिलं होतं तुला. प्रथमोपचाराची खोली, पंखा, टेबल, कपाट. पहिल्याच दिवशी पाळीतले अर्धे कामगार घरी पाठवलेस.

धाकटी : त्यांच्या डोळ्यांत रसायनाची वाफ गेली होती. मॅनेजर म्हणतो, थेंब टाका आणि मशीनवर सोडा. मी काय थेंबांची बाटली आहे?

ताई : विमा कंपनीत?

धाकटी : तिथं आजारी माणसांचे कागद वाचून पैसे का द्यायचे नाहीत ते शोधायचं असतं. मला कारणच सापडेना एकही.

ताई : आणि ते शिकवायचं काम? ते तर चांगलं होतं. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची ते ऑफिसातल्या लोकांना दाखवायचं. त्यात काय वाईट होतं?

धाकटी : पुतळ्यावर हात ठेवायला सांगितलं तर दोघं खिदळायला लागले. एकानं पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.

ताई : म्हणून त्याला वर्गाबाहेर काढलंस. तो त्या कंपनीचा मालक होता!

धाकटी : त्याच्या कपाळावर लिहिलं होतं का?

ताई : हात टेकले बाई तुझ्यापुढे. दवाखान्यात तरी नीट विचारलंस?

धाकटी : सगळीकडे विचारलं. नर्सिंग केलंय का? नाही. मग नाही. मी सांगितलं, धावत्या गाडीत, खड्ड्यांतून, एका हातानं वरचा दांडा धरून सलाइन लावलीय मी. ती बाई म्हणते, हो का, छान, पण ते आमच्याकडे धरत नाहीत. इतकी वर्षं, ताई! धरतच नाहीत! जणू मी सहलीला जात होते रोज.

ताई : ओरडू नकोस. पाठ ताणली जाईल.

धाकटी : जाऊ दे ताणली तर!

ड्रायव्हर : आत येऊ का? दार उघडंच आहे, आणि आवाज कोपऱ्यापर्यंत येतोय.

ताई : या मामा, या. तुमच्या डॉक्टरीणबाई रस्त्यात आडव्या पडल्यात, जरा जपून.

ड्रायव्हर : डावीकडून काढतो गाडी. हं, निघाली. कशी आहे पाठ, डॉक्टरीणबाई?

धाकटी : आहे अजून. साहेबांनी पाठवलं ना तुम्हाला?

ड्रायव्हर : साहेबांनी पाठवलं असतं तर गणवेशात, अॅम्ब्युलन्स घेऊन आलो असतो. सुट्टी आहे आज. निरोप आहे त्यांचा, पण तो वाटेत चिकटला. तुमची खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही. हो किंवा नाही, आज सांगा म्हणाले. उद्यापासून दुसरं कुणी बसेल.

ताई : बघ! अजून ठेवलीय!

धाकटी : कशाला ठेवलीय? फोनवर माणूस असताना उठून गेलेल्या बाईला पुन्हा कोण बसवतं?

ताई : मामा, परवा नक्की झालं तरी काय? ही नीट काही सांगत नाही. विचारलं की छताकडे बघते.

ड्रायव्हर : मी खालचं सांगू शकतो. वर कंट्रोल रूममध्ये काय झालं ते यांनाच ठाऊक.

धाकटी : काय व्हायचंय? फोन आला. एक बाई होती, नवरा स्वयंपाकघरात कोसळलेला, श्वास नाही. तिला फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवायला लावला. छातीच्या मधोमध तळवा ठेवा, दुसरा हात त्यावर, जोरात दाबा, मोठ्यानं मोजा. ती मोजत होती. मी तिच्याबरोबर मोजत होते. चांगली दाबत होती गं, आवाजावरून कळतं. मग स्क्रीनवर पत्ता आला.

ताई : मग?

धाकटी : पाण्याच्या टाकीमागची गल्ली. आमच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. ती इमारत मला माहितीये, लिफ्ट नाही, जिना अरुंद, वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागतं. आणि मी... माझ्या तोंडून गेलं, "आलेच मी."

ताई : तिला म्हणालीस?

धाकटी : तिला. नऊ वर्षं तेच म्हणत आलेय मी. पत्ता कळला की उठायचं, बॅग घ्यायची, निघायचं. माझे पाय मला विचारायला थांबले नाहीत, ताई. तिथं पहिल्या दिवशी पहिलाच नियम सांगितला होता, फोन चालू असताना जागेवरून उठायचं नाही. मी मान डोलावली होती. मला वाटलं, हा काय नियम आहे? कोण उठेल?

ड्रायव्हर : मी गाडी चालू करत होतो. बघतो तर या जिन्यावरून खाली, मागचं दार उघडलं, एक पाय वर टाकला.

धाकटी : आणि आत माझ्या जागेवर ती नवी मुलगी बसलेली. हातमोजे घालत होती. मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही कुठे?"

ताई : अगं बाई.

धाकटी : मग मला कळलं, मी काय केलंय ते. वळले, तर पाठीनं दगा दिला. जिन्यावरच बसले. समोरून गाडी गेली. वरती फोन चालू, खुर्ची रिकामी. मामा, आता पुढचं सांगू नका. मी विचारलेलं नाही.

ड्रायव्हर : मी तेवढ्यासाठीच आलोय.

धाकटी : नको म्हणतेय ना!

ताई : सांगा हो मामा. दोन दिवस फोन बंद ठेवून ती मनातल्या मनात काय काय रंगवत बसलीय देव जाणे. खरं त्याहून वाईट असणार नाही.

ड्रायव्हर : जिवंत आहे माणूस. अतिदक्षता विभागात आहे.

ताई : हुश्श! झालं तर मग!

ड्रायव्हर : नाही, थांबा. पूर्ण सांगू द्या. अर्धं सांगितलं तर या उरलेलं माझ्या तोंडावरून वाचतील. डॉक्टरीणबाई, आम्ही गल्लीत वळलो तेव्हा ती बाई गॅलरीत उभी होती. दोन्ही हात हलवत होती. "आल्या, आल्या" म्हणत होती.

धाकटी : गॅलरीत? मग नवऱ्याजवळ कोण होतं?

ड्रायव्हर : कुणी नव्हतं.

धाकटी : फोन?

ड्रायव्हर : फोन स्वयंपाकघरात फरशीवर. शेजारच्या टेबलावरच्या पोरानं तुमची लाइन घेतली होती. "दाबा, दाबा" म्हणून ओरडत होता बिचारा. पण ती गॅलरीत. तुम्ही येते म्हणालात ना, मग आवाज थांबला. तिला वाटलं तुम्ही पोचलात, खाली जिना शोधताय. म्हणून ती बघायला गेली.

ताई : मामा, पुरे आता.

धाकटी : नाही. बोलू दे.

ड्रायव्हर : नव्या मुलीनं वर जाताच छाती दाबायला घेतली. शॉक दिला, नाडी आली. चांगली आहे पोरगी. माणूस आता डोळे उघडतो, पण बोलत नाही. बोलेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत अजून.

धाकटी : मधे हात थांबले म्हणून.

ड्रायव्हर : ते कुणी सांगावं? थांबले नसते तरी असंच झालं असतं कदाचित. तुम्हीच मला शिकवलंय, तसं कधी कळत नाही.

धाकटी : मी पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे ते. मला नका सांगू.

ड्रायव्हर : बरं, नाही सांगत. पण एक ऐका, यासाठी मी सुट्टीचा दिवस घालवून आलोय. गाडीत ती बाई माझ्या शेजारी पुढे बसली होती. सारखी विचारत होती, "त्या बाई कुठायत?" मी म्हटलं, मागून येतायत. खोटं बोललो. तर म्हणाली, "त्या बोलत होत्या तोवर माझे हात चालत होते हो. त्या गप्प झाल्या आणि हातच गेले."

ताई : मामा, चहा टाकते.

ड्रायव्हर : नको, निघतो. बायको भाजी घेऊन कोपऱ्यावर उभी आहे, मला पाच मिनिटं म्हणून आत सोडलंय. डॉक्टरीणबाई, गाडी मी चालवतो, वरचं मला काय कळणार. पण मी दारात पोचेपर्यंत त्या घरात तुमच्याशिवाय कुणी नसतं. येतो.

ताई : सावकाश जा. ... उठायचंय का? हात देऊ?

धाकटी : नको. ताई, मी नाही बसणार तिथे. बघितलंस ना काय झालं? उद्या पुन्हा ओळखीची गल्ली आली तर? पुन्हा पाय उठले तर? त्यापेक्षा दुकानात उभी राहीन. औषधांचे खोके मोजीन. नुसतं बसून, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते ऐकत, हात मांडीवर ठेवून... त्याला काम म्हणतात? ते काही न करणं आहे!

ताई : परत म्हण.

धाकटी : काय?

ताई : बसणं म्हणजे काही न करणं. परत म्हण एकदा. मशीन बंद केलंय मी, नीट ऐकू येईल.

धाकटी : तुझ्याबद्दल नाही बोलत मी.

ताई : आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज संध्याकाळी विचारायची, धाकटी कुठाय. मी तुला फोन लावायचे. तू काय म्हणायचीस?

धाकटी : ताई...

ताई : "आलेच." मी आईला सांगायचे, येतेय हं. ती दाराकडे तोंड करून पडायची. तू कुणाचा तरी जीव वाचवत असायचीस, माहितीये मला. त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. उलट गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे. पण आईजवळ कोण होतं? तिला कुशीवर वळवणारी, तेच तेच चार प्रश्न ऐकणारी, तिचा श्वास चालू आहे ना म्हणून अंधारात कान लावणारी? आणि एकदा तू म्हणालीस, "तुझं काय, तू तर घरात बसूनच असतेस."

धाकटी : मी असं म्हणाले?

ताई : दारात बूट काढता काढता. तुला आठवणार नाही. त्या दिवशी मी शाळेचे दोन गणवेश उलटे बेतले, कापड भरून द्यावं लागलं.

धाकटी : तू बोलली का नाहीस तेव्हा?

ताई : तू आली होतीस ना घरी. आई जागी होती. तेवढा एक तास कशाला नासवायचा? आणि पुन्हा तुझा फोन वाजणारच होता.

धाकटी : मला कळलंच नाही गं. खरंच नाही.

ताई : कळलं नाही तेच बरं होतं. पण आज मला राग आलाय. तू बोलत होतीस तोवर हात चालत होते, असं ती बाई म्हणाली. मामा ते सांगायला सुट्टीच्या दिवशी आले. आणि तू फरशीवर पडून म्हणतेस, ते काम नाही.

धाकटी : कसं बसायचीस तू?

ताई : म्हणजे?

धाकटी : म्हणजे कसं? तुला वाटायचं नाही, उठावं, निघून जावं, धावत कुठेतरी जावं?

ताई : रोज वाटायचं. मी काय संत नाही. दातओठ खाऊन बसायचे. तुझा राग यायचा, आईचा यायचा, मग रागाचाच राग यायचा. पण तिचा हात माझ्या हातात असायचा. उठले की ती डोळे उघडायची. म्हणून नाही उठायचे. एवढंच. त्यात कला नाही काही.

धाकटी : मला भीती वाटते, ताई. गाडीत कधी वाटली नाही एवढी.

ताई : वाटू दे. भीती वाटली म्हणून कुणी खुर्चीवरून पडत नाही. हात दे, उठ. कुशीवर वळ आधी. हळू. गुडघा टेक. हं.

धाकटी : माझा फोन कुठाय?

ताई : धाग्यांच्या डब्यामागे. दोन दिवस तिथेच पडलाय.

धाकटी : ... हॅलो, सर? मी बोलतेय. हो, बंद होता. बंद ठेवला होता. ... कळलं, मामांनी सांगितलं सगळं. ... नाही, मला काही कारण सांगायचं नाहीये. ... खुर्ची कुणाला देऊ नका. ... नाही सर, आवडेल असं नाही म्हणत मी. पण बसते.