चन्नप्पांच्या विहिरीतलं जनावर

—न्हाय न्हाय मुकादम, ती लाल पूड बादलीत कालवू नका अजून. जरा टेका की हितं, लिंबाखाली. सकाळधरनं किती विहिरी केल्या असतील तुमी, तोंड बघा कसं उतरलंय. माझंबी उतरलंय म्हणा. पटकीची साथ आलीय, विहिरीत औषध पडायलाच पायजे, मला कळतंय — मी काय आडवा येत न्हाय. एवढंच म्हणतोय, आत एक जीव हाय माझा. तेवढा वर काढू द्या, मग टाका. तुमचं औषध त्याला सोसायचं न्हाय — न्हाय हो, कासव न्हाय. कासव असतं तर मी तोंडसुदिक उघडलं नसतं. कासव टणक असतंय, डोळं मिटून पडून राहतंय.

कसं सांगू? मला मुळात बोलायलाच जमत न्हाय. तिसरीत शाळा सुटली, मग सांगोल्याकडं थोरल्या भावाच्या मेंढरांमागं, आणि मेंढरांसंगं बोलायला काय लागतंय? दुष्काळात मेंढरं गेली तवा हितं आलो, गिरणीतल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर झाडांना पाणी घालायला. त्या साहेबाकडं काचेची पेटी होती, पाण्यानं भरलेली, आणि त्यात ही दोन जनावरं. वीतभर लांब, दुधासारखी पांढरी, चार पाय, शेपूट, आणि मानेच्या दोन्ही अंगाला लाल लाल तुरे — त्या तुऱ्यांनीच दम घेत्यात ती. — पाल? व्हय, गल्लीतल्या बायाबी पालच म्हणत्यात. दगडाबाई तर येता-जाता म्हणायची, "काय रं धुळ्या, लगीन जमंना म्हणून पाल नांदवतोस व्हय?" आणि सगळ्या बाया घागरी टेकवून हसायच्या. — व्हय, तीच दगडाबाई. काल पटकीच्या दवाखान्याच्या गाडीत घालून न्हेली ती. तिचं काय... कळलं का तुमाला? न्हाय? बरं.

पाल न्हवं ते. साहेब त्याला अक्सोलाटल म्हणायचा. लांब कुटंतरी मेक्सिको म्हणून मुलूख हाय म्हणं, तितल्या तळ्यातलं. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकून बेडूक होतंय की न्हाय? हे तसं काय होत न्हाय, जलमभर पोरच राहतंय. एकदा एकानं दुसऱ्याचा पाय तोडला, मी रडकुंडीला आलो, साहेब आपला हसतोय — आणि बघतो तर थोड्या दिवसांनी तितं कोंब फुटला, बाभळीला फुटावा तसा, मग बारीक बारीक बोटं आली. कुणाला सांगितलं तर मलाच येडा म्हणत्यात. साहेब विलायतेला परत निघाला तवा बोटीवर जनावर न्यायला कसला तरी कागद लागतो म्हणाले बोटवाले, तो काय मिळाला न्हाय. मग म्हणाला, धुळा, तू संभाळ. मला! त्याच्याआधी कुणी काय संभाळायला दिलं न्हवतं हो मला.

नियमाचं म्हणताय व्हय? मी काय चोरून ठेवलं न्हाय. तुमच्याच म्युन्सिपाल्टीत गेलो होतो, डब्यात घालून, वर ओलं फडकं बांधून. कारकून म्हणाला, कुत्रा असंल तर बिल्ला घे, म्हैस असंल तर गोठ्याचा नियम बघ, मासळी असंल तर बाजारात जा — हे काय हाय? मी म्हणालो, तेच इचारायला आलोय. त्यानं डब्यात वाकून बघितलं, आणि खुर्चीच मागं सारली. म्हणाला, ह्याला नियम न्हाय, उचल हितनं. नियम न्हाय म्हंजी ठेवायला हरकत न्हाय, असंच मी धरलं. दुसरं कसं धरणार?

पण सोलापूरचा उन्हाळा त्याला कुटला सोसतोय? ओली पोती गुंडाळली, रांजणात ठेवून बघितलं. रांजणात ठेवलं तर आई त्या दिवसापासनं घरचं पाणी प्यायची बंद झाली, शेजारणीकडं तांब्या घेऊन जायची. एक मेलंच. मग दुसऱ्याला कुटं न्यायचं? विहिरीइतकं थंड पाणी दुसरं कुटंच न्हाय. आणि आपल्याकडं विहिरीत कासव सोडत्यातच की, पाणी जितं राहावं म्हणून. चन्नप्पांच्या विहिरीतलं कासव गेल्या साली मेलं, जागा मोकळीच होती. चन्नप्पा देवमाणूस, विहीर त्यांची पण पाणी सगळ्या गल्लीला. मी इचारलं, तर म्हणाले, सोड बाबा, शेवाळ तरी खाईल.

सकाळपासनं टोपली सोडतोय बघा. रोज सुतळी हलली की वर येतंय, पांढरं पांढरं, तुरे हलवत. आज येईना. खाली बादल्यांचा दणका लई झाला, भ्यालंय. — टोपलीत शेवाळ कशाला घालू? शेवाळ कुटलं खातंय ते, चन्नप्पांना आपलं वाटलं तसं. गांडुळं खातंय. पण ह्या दिवसांत गांडूळ कुटं गावायचं, भुईचा दगड झालाय. म्हणून मी खाटकाकडनं काळजाचा तुकडा आणतो, सुतळीला बांधून रोज सांजच्याला आत—

...

असं काय बघताय? चन्नप्पांना म्हायती न्हाय. त्यांच्या घरात अंडंसुदिक चालत न्हाय, त्यांना कसं सांगणार? पण घाण न्हवतं हो ते. धुऊन सोडायचो मी, चांगलं चोळून चोळून. रगात पाण्यात उतरू नये म्हणून. — कुटं म्हंजी? नाल्यावर. विहिरीला आधीच पाणी कमी, त्यातलं धुण्यात कशाला घालवायचं, बाया किती लांबनं येत्यात...

नाल्यावर, व्हय. पलीकडच्या वस्तीखाली.

तुमीच म्हणालात न्हवं मगाशी, पटकी पयल्यांदा त्या वस्तीत उठली म्हणून. आणि हिकडं ह्या गल्लीत कशी आली, कळंना म्हणालात. हिकडं पयली दगडाबाई. तिचं घर विहिरीला लागूनच...

त्या नाल्याचं पाणी सुतळीसंगं खाली जायचं की. रोज. मीच सोडायचो.

उठा मुकादम. कालवा ती पूड. — न्हाय, टोपली नगं आता, ऱ्हाऊ द्या. वर यायचं न्हाय ते. मूठभर जास्तच घाला. आणि त्या बायांना सांगा, घागरी घरी न्या म्हणावं, आज हितलं पाणी नगं, उद्याबी नगं. — चन्नप्पांना तुमी हाक मारू नका. मी जातो त्यांच्याकडं, माझं मी सांगतो. तुमी टाका.

टाका म्हणतो न्हवं!