डेल्फीनची जांभळी टोपी

शनिवारी अटलांटातल्या व्हर्नेटाच्या केसांच्या तेल-क्रीमच्या दुकानात ही भली मोठी रांग! कीझियाच्या पुढे दोन मैत्रिणी. जांभळी टोपीवाली डेल्फीन, दुसरी लोरेटा. कीझियाने गुपचूप कानातलं गाणं बंद केलं.

“पास्टर म्हणाले, आपल्या काळ्या माणसांच्या दुकानांतून घ्या, म्हणून आले हं! नाहीतर व्हर्नेटाचं शिया बटर केसांना कोण लावतंय?”

“डेल्फीन, तिसरी बरणी आहे ही.”

“दानधर्म गं!”

“एवढी जळतेस तिच्यावर?”

“जळू नको तर काय करू? माझ्या ओट्याशी उभी राहून बटर फेटायला शिकली. आता पाटीवर नाव तिचं!”

“आणि जन्मात टोपी न घालणारी तू, हल्ली चर्चमध्येही ती काढत नाहीस?”

“फॅशन.”

“फॅशन कसली! तिच्या बटरने केस दाट झालेत, ते तिला दिसायला नकोत.”

“हळू बोल, बये!”

त्यांचा नंबर आला. गल्ल्यावर स्वतः व्हर्नेटा.

“डेल्फीनताई, तू? बरणी कुणासाठी?”

“भाचीसाठी.”

“मग भाचीला सांग, जरा बेताने लाव. तुझ्या टोपीला डाग पडलेत.”

डेल्फीनचा हात टोपीकडे गेला.

“तूच तेल जास्त घालतेस! असं शिकवलं होतं का मी?”