उशिराचे अर्ज

नव्या बसची पहिली फेरी सुटायची होती. माझ्या पुढच्या बाकावर दवाखान्यातली एक आया आणि तिची नणंद बसल्या होत्या.

"वहिनी, बस मिळवलीत कशी? मोर्चा काढलात?"

"मोर्चाला सुट्टी कोण देतंय? आम्ही अर्ज लिहिले."

"बससाठी?"

"उशिराचे गं. कामावर पाच मिनिटं उशीर झाला, की मेट्रन लेखी कारण मागते. रोज लिहायचे, 'बस नाही, चालत आले.' एक दिवस वैतागून खाली लिहिलं, 'प्रत माहितीसाठी: आमदारसाहेब,' आणि दिली नेऊन त्यांच्या कचेरीत."

"घेतली त्यांनी?"

"शिक्का मारून पोच दिली! मग सगळ्याच बायका देऊ लागल्या. कारखान्यातल्या, शाळेतल्या. पाच महिने, रोज."

"साहेब चिडले असतील."

"चिडणारच. म्हणाले, 'बंद करा हे.' म्हटलं, तुम्ही बस सुरू करा, आम्ही अर्ज बंद करतो. मत मागायला आले, तेव्हा पोचपावत्यांचा गठ्ठाच ठेवला पुढ्यात. अंदाजपत्रकात बसला पैसे निघाले ते त्यानंतर."

"आज झेंडा दाखवायला तेच येणार आहेत ना?"

"सव्वासहाला येणार होते. साडेसहा झाले. कंडक्टरदादा, वेळ झाली, बेल मारा!"

"वहिनी, थांबा, ती बघा त्यांची गाडी! साहेब हात करतायत!"

"करू दे. बेल मारा हो दादा! अहो साहेब, उशीर झाला! कारण लेखी द्या, आणि प्रत आम्हाला!"