घरच्या राष्ट्रपतींचा नवस

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा… म्हणे सहीला उशीर केला. कुठली सही? सांगते ना.

आमच्या नुंगंबाक्कमच्या घरात पहिल्यापासून एकात्म राज्य, म्हणजे आत्मा एकच, तो ह्यांचा, बालाजीरावांचा. आम्ही बाकीचे प्रांत, आणि केंद्र देईल तेवढेच आमचे अधिकार. सांबारात चिंच किती, तेही हॉलमधून ठरायचं. पण आमच्या अनन्याचा नागरिकशास्त्राचा पेपर आला नि ती म्हणाली, "अम्मा, आजपासून आपलं संसदीय प्रजासत्ताक. अप्पा पंतप्रधान, प्राणेशअण्णा मंत्री, तू राष्ट्रपती. सगळं तुझ्या नावानं." देवीची कृपा, दुसरं काय… मी समईत तेल घातलं.

तर राष्ट्रपतींचा एक नवस होता. प्राणेशला ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागू दे, आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, तंजावरच्या मारिअम्मनला तांदळाच्या पिठाचा दिवा लावीन. नोकरी लागली, आडीतला शेवटचा शुक्रवार तेवढा उरला, आणि मंत्रिमंडळाचा ठराव काय? त्या दिवशी सगळ्यांनी कारखान्याच्या स्नेहसंमेलनाला जायचं, नवस पुढल्या वर्षी! हे म्हणतात, "देवी समजून घेते गं." घेते हो, पण तिला सांगायला जायचं कुणी? मी ठराव फेरविचाराला पाठवला. चहा निवायच्या आत तसाच्या तसा परत… सगळं माझ्याच नावानं.

"दुसऱ्यांदा आला की सही करावीच लागते, अम्मा. पुस्तकात आहे."

"कधीपर्यंत?"

तिनं धडा पुढून मागून चाळला. "ते… दिलेलं नाही."

मग काय, मी देवघरापुढं जप करत बसले. कॉफी? विचाराधीन आहे. शर्टाला इस्त्री? विचाराधीन. "अगं, निदान जेवायला काय?" तेही. मला काय त्याचं, माझा मंगळवारचा उपास. राष्ट्रपतींचे उपास वर्षभर चालतात, मंत्रिमंडळाला एक संध्याकाळ काढवेना. शेवटी प्राणेश हळूच म्हणाला, "अप्पा, सरकार पडतंय."

ठराव फिरला. शुक्रवारी तंजावर, राष्ट्रपतींचा दौरा, आणि स्नेहसंमेलन सोडून अख्खं मंत्रिमंडळ सोबत येतंय. माझा दिवा लागणार, मला आणखी काय हवं… फक्त पहाटे उठून सगळ्यांसाठी दहीभात कालवून डबे भरायचेत. तेवढं खातं कुणालाच दिलेलं नाही, म्हणून विचारलं, तर पंतप्रधान म्हणाले, "ते तुझ्याच नावानं."