बरडाचा कागद

(सौसरजवळचं गाव. पंचफुलाच्या ओसरीत तिचा भाचा सुमेध बसला आहे. तो पंचायतीत कामाला आहे. हातात कागद, बाजूला अंगठ्याच्या शाईचा पॅड.)

पंचफुला : ...अन् तुही माय बरडाच्या खडकाळ माळावर बकऱ्या चारता चारता म्हने,
"बरडाच्या गवताले नाई कोनी धनी,
भुकेल्या जितराबाचं थेच दानापानी."
आजबी कानात हाये थो आवाज.

सुमेध : गाणं मंग म्हण, आत्या. साहेब चार वाजता येऊन राहिले. नाल्याच्या वाटेचा कागद तेवढा राहिला. एक अंगठा दे, झालं.

पंचफुला : पहिल्या कागदावर देल्ला ना. तवा आमाले पिंपळाखाली बसवून तूच वाचून दाखवलं. सोलरच्या प्लेटा वरच्या खडकावर लागतीन, चराई तशीच राहीन. आता चराईलेच कुंपन पडलं, बकऱ्या तारेले तोंड लावून उभ्या राह्यतेत.

सुमेध : हे वरून ठरते. गर्मी पाह्यतं ना? संतऱ्याचा बहार झाडावरच जळून राहिला. कोळसा कमी करायचा तं सूर्याची वीज लागनच.

पंचफुला : सूर्यासंग माहं भांडन नाई, बाबू. वीज लागते, थे मलेबी समजते. शेजारची रश्मी म्हने, नाल्याच्या पाण्याची वाट सोडून प्लेटा लावा. तं तू म्हनला, उशीर झाला. टाईम होता तवा काहून नाई इचारलं?

सुमेध : रोज फोन, गावाची संमती पाठवा. माही नोकरी कच्ची. खरं वाचलं असतं तं एकही अंगठा भेटला नसता.

पंचफुला : हं. आन थो कागद इकडे.

सुमेध : हे घे शाई.

पंचफुला : शाई राहू दे. "नाले का रास्ता एवं शेष चराई भूमि देने में ग्रामसभा को कोई आपत्ति नहीं है." म्हंजे वाट अन् उरलेली चराईबी द्याले गावाची हरकत नाई. बराबर?

सुमेध : आत्या... तुले वाचता येते?

पंचफुला : तू दुसरीत होता. चुलीपाशी हिंदीचं पुस्तक मोठ्यानं वाचे. म्या भाकरी थापता थापता तुह्या बोटामांगं अक्षरं पाहो. लाज वाटे, कोनाले सांग्तलं नाई.

सुमेध : मंग थो पहिला कागद...

पंचफुला : वाचला होता. चराई देल्ली म्हनून लिवलं होतं. तू वाचलं, चराई राह्यते. ज्याच्या तोंडून शिकली, थो कसा चुकन? म्हटलं, माहंच वाचनं चुकलं असन.