सूर्याचा माल कमी भरला

—नाही नाही, केवलरामजी, मुहूर्त काढू ना, कोन नाही म्हनते? पन पहिले इकडं बसा. तिथं वजनकाटा हाये — वॅगनसंग तुमचंबी वजन चढन, मंग साहेब मले विचारन, कावून पंजाबराव, राजहऱ्याच्या लोखंडाच्या खानीतून हा पाव्हना कसा निघाला? — तं आमचा दौलत मुंबईत काय करते? सांगतो. न्यूट्रिनो. हासू नोका, मीबी हासलो होतो. बारीक कन हाये, सूर्यातून निघते म्हने, तुमच्या-माह्या पोटातून आरपार जाते, अन् पोटाले पत्ता नाही. म्या म्हनलं, बाप्पा, असा तं आमचा फोरमनबी हाये — येते कवा, जाते कवा, कोनाले दिसत नाही!

पन मजा पुढंच हाये. अमेरिकेत कोनी जमिनीखाली हौद भरला, मोजाले बसला, तं माल कमी. जेवढा याले पाहिजे, त्याच्या निम्माबी नाही! आता मी या मरोद्याच्या यार्डात वॅगनी तोलतो, मले काय शिकवता — म्हनलं, रस्त्यात चोरी! दौलत म्हने, चोरी नाही बाबा. रशियावाले म्हनून राहिले — आपल्या पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर आले ते नाही, दुसरे — का ते रस्त्यात रूप बदलत असन. निघते एक, पोचते दुसरं, अन् हौदाले पहिलंच तेवढं वळखू येते. पन बदलाले थोडं तरी वजन पाहिजे, बिनवजनाचं हाये तसंच राहते. अन् आजवर सारे शहाने म्हनत होते, याले वजन नाहीच! वजन निघालं तं म्हने भल्याभल्याइले नवीन कायदे लिहा लागन. बोलता बोलता भाकर हातातच राहिली. दोघाइचीबी. — दोघं म्हन्जे तो अन् त्याची माय.

काल दुर्ग टेशनावर आनाले गेलो ना त्याले. टोपीवालं पोरगं पाहून राहिलो — गेला तवा म्याच घातली होती टोपी. गाडी रिकामी झाली, टोपी काही उतरली नाही. एक दाढीवाला बाईची पेटी घेऊन समोरून गेला, म्या सरकून वाट देल्ली. घरी येऊन सांगतो, नाही आला — तं दाढीवाला माह्याच पाटावर! हासा ना. सकाळी सुनेनं चहा केला, त्यात साखर—

म्हन्जे, त्या बाईनं.

अशे पाहू नोका, केवलरामजी. बंगाली हाये, तीबी हेच न्यूट्रिनो शिकते, कचेरीत लग्न करून आले. मले कालच समजलं. तुमची मथुरा आमी मांगितली ते टोपीवाल्यासाठी, गाडीत बसला तो. उतरला तो पाया पडला, बाबा म्हनला — अन् मले लय वाईट वाटलं, पोटचं पोरगं समोरून गेलं अन् मी टोपी पाहात बसलो. माहाच हाये तो, सोडत नाही मी त्याले. तुमी मले शिव्या द्या, जोडा मारा, पन मथुरेले माह्या तोंडानं काय सांगू— अहो, उठले कुठं? तिथं नोका उभे राहू, काटा हाये तो. वॅगन येऊन राहिली. हटा. केवलरामजी, हटा म्हनतो ना!